शेतात घाम गाळला म्हणजे मनही मोकळं झालं?

शेतकऱ्याच्या पोरांना व्यायाम कशाला, जन्मल्यापासून अंगमेहनतच तर करतात, असं परभणी जिल्ह्यात सहज बोललं जातं. परभणीत १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. तिथली, तशीच सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या महाविद्यालयांतली कितीतरी मुलं सुट्टीत गावी गेली की कापूस वेचतात, सोयाबीन काढतात. अंग थकतं, यात शंका नाही. मनाचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून नेमकं हेच तपासलं. फावल्या वेळात आवडीनं केलेल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी दिसला. पोटापाण्याच्या कामातल्या कष्टांचा मात्र मानसिक त्रासाशी. कष्टांमुळेच त्रास होतो, असं यावरून सिद्ध होत नाही. पण पाऊस, भाव आणि कर्ज यांची काळजी डोक्यात घेऊन केलेली खुरपणी आणि मित्रांसोबतचा कबड्डीचा डाव मनाला सारखे नसतात, एवढं मानायला हरकत नाही. पोलीस भरतीचंही तसंच. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. पहाटेची प्रत्येक फेरी गुणांसाठी. अशा तयारीत आठवड्यातला एखादा दिवस घड्याळाविना, नुसतं खेळण्यासाठी ठेवायलाच हवा.

दुसरा समज जिमचा. महिन्याची फी नाही, मशीन नाही, म्हणजे व्यायामच नाही! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सुचवते. भरभर चालणं त्यात येतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १ लाख ९० हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात एवढी हालचाल करणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका अजिबात हालचाल न करणाऱ्यांपेक्षा २५ टक्के कमी आढळला. त्याच्या निम्मी करणाऱ्यांमध्येही तो १८ टक्के कमी होता. म्हणजे पहिल्या थोड्याशा चालण्यातच मोठा लाभ आहे. अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्यांनी रोजची दहा-पंधरा मिनिटं परीक्षेच्या आठवड्यातही सोडू नयेत. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती उन्हं चढण्याआधीच साधावीत.

मुलींच्या वाट्याला ही मिनिटंही सहजी येत नाहीत. भारतात २०२२ मध्ये सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. संध्याकाळी मैदानावर दिवे आणि वसतिगृहाच्या वेळेत थोडी सूट, हीसुद्धा मनःस्वास्थ्याचीच सोय आहे.

सगळ्यात घातक समज शेवटचा: पळायला लागलं की गोळ्यांची गरज नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांवर प्रयोग झाला. सोळा आठवड्यांनी व्यायाम करणारे आणि औषध घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. हे नेहमी सांगितलं जातं. पण औषधाचा गुण सुरुवातीला लवकर आला, हे सांगायचं राहून जातं. शिवाय तो व्यायाम देखरेखीखाली, ठरल्या वेळी करून घेतला जात होता. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणंच जड जातं, त्याला ‘ग्राउंडवर जा, बरं वाटेल’ म्हणणं निष्ठूरपणाचं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या बंद करू नयेत. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.