आजोबांची किल्ली आणि औषधांची पिशवी

घरांतील वडील पुरुषाकडून मोटारीची किल्ली मागून घेण्याची छाती कोणाची? बीड जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच अवघड. पाटोदा, केज, गेवराई तालुक्यांतील गांवांहून दवाखाना, बँक, बाजार सारेंच दूर. वाहन सुटलें कीं म्हातारपण ओसरीवर कोंडलें जातें.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत साठीपुढील शंभरांपैकीं सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. विकाराच्या आरंभीं सर्वांनींच वाहन सोडावें असें नाहीं. किल्लीकडे हात नेण्यापूर्वीं औषधांकडे पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. स्मृतीसाठीं देतात त्या डोनेपेझिलनें कित्येकांची नाडी मंदावते, घेरी येते. झोपेसाठीं घेतलेल्या क्लोनाझेपामचा अंमल दुसऱ्या सकाळींही उरतो. सर्दीवरील क्लोरफेनिरामिन गुंगी आणतें, शिवाय डोनेपेझिलच्या नेमकें उलट काम करतें. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी विसरून दोनदां घेतली गेली, तर साखर एकाएकीं उतरून गाडी चालवीत असतांच शुद्ध हरपूं शकते. हीं औषधें बहुधा निरनिराळ्या डॉक्टरांनीं दिलेलीं. एकत्र पाहणारा कोणीच नाहीं! कित्येकदां विकार वाढलासा वाटतो तो या गुंगीचाच परिणाम असतो, आणि औषध बदलतांच माणूस सावरतो. यासाठीं सारीं औषधें एका पिशवींत घालून एकाच डॉक्टरांपुढें ठेवावींत. आपल्या मनानें मात्र एकही गोळी बंद करूं नये.

कायद्याचा आधार येथें तोकडा पडतो. पंचावन्नीनंतर परवाना दर ५ वर्षांनीं नवा करावा लागतो. त्या वेळच्या प्रमाणपत्रासाठीं डोळे, कान, हातपाय पाहतात, स्मरणाची परीक्षा घेत नाहींत. म्हणून घरच्यांनींच शेजारीं बसून पाहावें. नेहमींचें वळण चुकतें काय? गाडीवर नवे ओरखडे दिसतात काय? गळिताच्या हंगामांत उसाच्या जोडट्रॉल्या अंधारांत रस्त्यानें चालतात. तेथें क्षणाचा गोंधळही जिवावर बेततो. असा गोंधळ औषधें नीट लावूनही टिकला, तर गाडी थांबविलीच पाहिजे.

तो निर्णय डॉक्टरांच्या तोंडून यावा. मुलानें किल्ली हिसकावूं नये, सुनेवर तर हें काम मुळींच टाकूं नये. पंच्याहत्तरी गांठलेल्यांस २०२२ पासून एस. टी. चा प्रवास राज्यांत विनामूल्य आहे. सोबतीस नातवास पाठवावें, आणि ओळखपत्र मात्र आजोबांच्याच खिशांत असूं द्यावें.