निदानाचे मोल : विम्याबाहेरची स्त्री आणि अनिर्णित स्त्रीरोग-लक्षणे

व्याधी आणि तिचे निदान यांमधील अंतर वैद्यकाच्या ग्रंथात काही ओळींचे असते. रुग्णाच्या आयुष्यात ते कित्येक वर्षांचे होऊ शकते. स्त्रीरोगांच्या बाबतीत हे अंतर विशेष लांबते. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या वेळी अतिरिक्त रक्तस्राव होणे, ओटीपोटात व कमरेत सतत दुखणे, या तक्रारी सांगण्यास स्त्रीला संकोच वाटतो, हे त्याचे एक कारण सर्वपरिचित आहे. परंतु संकोच ओलांडून जी स्त्री दवाखान्याच्या पायरीपर्यंत येते, तिलाही ‘हे कशामुळे होते?’ या प्रश्नाचे उत्तर मिळतेच असे नाही. त्या उत्तराला मोल पडते. ते मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आरोग्यविम्याच्या चर्चेत बहुधा उपस्थितच केला जात नाही. महाराष्ट्रातील उपलब्ध पुराव्याच्या आधारे त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. गडचिरोलीचा पुरावा

ग्रामीण स्त्रियांमध्ये स्त्रीरोगांचे प्रमाण किती असते, याविषयीची माहिती पूर्वी मुख्यत्वे रुग्णालयांच्या नोंदींवरून घेतली जात असे. या पद्धतीतील दोष उघड आहे. जी स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचते तेवढीच नोंदली जाते. जी पोहोचत नाही ती निरोगी गणली जाते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमध्ये केलेल्या पाहणीने हा दोष दूर केला. तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी करावयाची, असे तिचे सूत्र होते. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. दर स्त्रीमागे रोगांची सरासरी ३.६ पडली, आणि या रोगभारापैकी सुमारे निम्मा भाग जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. हे आकडे पुष्कळदा उद्धृत केले जातात. त्याच पाहणीतील दुसरे दोन आकडे मात्र तितके लक्षात घेतले जात नाहीत. स्त्रीरोगविषयक काही ना काही तक्रार ५५ टक्के स्त्रियांना होती. आणि पूर्वी कधी तरी स्त्रीरोगांसाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पंचावन्न आणि आठ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तेच प्रस्तुत विषयाचे क्षेत्र होय. या अंतरात त्रास होता, त्रासाची जाणीवही होती. नव्हते ते त्रासाचे नाव.

२. लक्षण एक, कारणे अनेक

हे नाव मिळणे कठीण का, हे समजण्यासाठी लक्षण आणि रोग यांचा संबंध पाहणे अवश्य आहे. खेड्यांत ‘धुपणी’ या एकाच शब्दाने जे सांगितले जाते, त्यामागे किमान पाच वेगवेगळ्या स्थिती संभवतात. योनिमार्गातील नैसर्गिक जिवाणूंचा समतोल बिघडणे, बुरशीचा संसर्ग, ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग आणि गर्भाशयमुखाचा दाह या चार स्थिती रोगाच्या होत. पाचवी म्हणजे मासिक चक्रानुसार कमीअधिक होणारा नैसर्गिक स्राव. ती रोगाची नव्हे. पाचांचे उपचार भिन्न आहेत, आणि पाचव्या स्थितीस तर उपचाराची गरजच नसते.

या स्थितींमध्ये भेद करण्यास मोठी यंत्रसामग्री लागते असा समज आहे. तो बरोबर नाही. स्पेक्युलम या साध्या उपकरणाने आतील भाग पाहणे, कागदी पट्टीने स्रावाची आम्लता मोजणे, आणि स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, एवढ्याने पुष्कळसा उलगडा होतो. आम्लता-मापन ४.५ च्या वर जाणे, क्षार मिसळताच विशिष्ट दर्प येणे, जिवाणूंनी आच्छादलेल्या पेशी दिसणे आणि स्राव पातळ व एकसारखा असणे, या चारांपैकी तीन खुणा मिळाल्या म्हणजे जिवाणूंचा समतोल बिघडल्याचे निदान करता येते. अ‍ॅम्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कसोटी १९८३ मध्ये मांडली. जिवंत ट्रायकोमोनास त्याच काचपट्टीवर हालचाल करताना दिसू शकतो. येथे खर्च द्रव्याचा थोडा आहे. खरा खर्च प्रशिक्षित हाताचा, आडोशाचा आणि वेळेचा आहे.

जेथे या तीन गोष्टी नसतात, तेथे केवळ लक्षणावरून उपचार करण्याची पद्धती रूढ झाली. तक्रारींचे गट पाडावयाचे, आणि त्या त्या गटासाठी ठरविलेल्या औषधांचा संच द्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. साधनांच्या अभावी ती उपयुक्त ठरली, हे मान्य केले पाहिजे. तथापि स्त्रियांच्या पांढरे जाण्याच्या तक्रारीत तिचा नेम वारंवार चुकतो, असे अनेक देशांतील अनुभवांवरून दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनात, जेथे शक्य असेल तेथे प्रयोगशाळेतील चाचणीचा आधार घ्यावा, असे सुचविले आहे.

नेम चुकण्याचे एक कारण गोव्यात झालेल्या अभ्यासाने स्पष्ट केले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या आरंभी उत्तर गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण, खिन्नता आणि शरीरावर उमटणारी अन्य दुखणी यांच्याशी अधिक निकटचा असल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ तक्रार खोटी असते असा मुळीच नव्हे. स्त्री ज्या दुःखाला दुसरी भाषा देऊ शकत नाही, ते ती शरीराच्या या भाषेत सांगते, एवढाच त्याचा अर्थ. अशा स्त्रीला प्रतिजैविकांचा संच देणे म्हणजे तिने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे होय.

रक्तस्रावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने २०११ मध्ये अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट निश्चित केले. त्यांपैकी चार गर्भाशयाच्या रचनेतील दोषांचे आहेत; गर्भाशयातील गाठी त्यांत येतात. रक्त गोठण्यातील दोष, बीजविमोचनातील अनियमितता, तांबीसारखी साधने वा औषधे यांचे परिणाम इत्यादी उरलेल्या गटांत गर्भाशयाची रचना बहुधा निर्दोषच असते. ओटीपोटातील दुखण्याचेही तसेच आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर अन्यत्र वाढणे, जुना संसर्ग, जननमार्गाचा क्षय, मूत्राशय वा आतडे यांचा विकार, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते, आणि पहिल्या कारणाचे निदान होण्यास सुशिक्षित व संपन्न स्त्रियांच्या बाबतीतही अनेक वर्षे लागतात.

३. विमा कशाचे मोल देतो

निदान हे अशा रीतीने एका भेटीचे काम नसून अनेक भेटींची शृंखला असते. प्रत्येक भेटीला गाडीभाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि बाहेरून करावयाच्या चाचण्यांचा खर्च जोडलेला असतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले, हे पाऊल महत्त्वाचे आहे. परंतु भाडे आणि मजुरी यांचा भार त्यामुळे उतरत नाही.

विमा असता तर हा भार उतरला असता काय? येथे एक विसंगती दृष्टीस पडते. २००८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना दर कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण देत असे. २०१८ पासूनच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ही मर्यादा ५ लाख रुपये आहे. रक्कम वाढली, तत्त्व बदलले नाही. दोन्ही योजनांचा आधार रुग्णालयात दाखल होणे हा आहे. बाह्यरुग्ण म्हणून केलेली तपासणी त्यांच्या कक्षेत सामान्यतः येत नाही. खाजगी विम्याचीही तीच तऱ्हा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये विमापत्रांतील अपवादांची शब्दरचना एकसारखी केली. मुख्यतः तपासणी व मूल्यमापन यांसाठीच रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च देय नाही, असा त्यांत एक अपवाद आहे.

म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. ते काढण्याची गरज आहे की नाही, हे शोधण्याचा खर्च बहुधा मिळत नाही. ज्या स्त्रीपाशी विमा नाही तिला दोन्ही खर्च स्वतः सोसावे लागतात, आणि जिच्यापाशी आहे तिलाही पहिल्या पायरीवर विमाहीनच राहावे लागते. गुजरातमधील ‘सेवा’ या संघटनेच्या विमा योजनेत गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हे स्त्रियांच्या दाव्यांचे एक प्रमुख कारण असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. केवळ विम्याचे पत्र हाती दिल्याने निदानाचा प्रश्न सुटतो असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

४. बीडची साक्ष

उत्तराऐवजी शस्त्रक्रिया मिळणे म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांचे आहे. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत फडावर राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ गणली जाते; मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडावयाची असते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो. कोपीवर पुरेसे पाणी नाही, शौचालय नाही, आणि मोळ्या उचलणे पाळीच्या दिवसांतही टळत नाही. अशा स्थितीत चार भेटींच्या निदानशृंखलेला वेळ कोठून काढावयाचा? हंगामापूर्वी एकदाच ‘पिशवी काढून टाकणे’ हा मार्ग मग पुष्कळ स्त्रियांनी कर्ज काढून पत्करला. आज ना उद्या कर्करोग होईल, ही घातलेली भीतीही त्यामागे होती.

डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर जी माहिती आली, तीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. हे प्रमाण सुमारे १७ टक्के पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोरचना भिन्न असल्याने या आकड्यांची तुलना सावधगिरीने केली पाहिजे. तथापि अंतर इतके मोठे आहे की केवळ वयाने त्याचा खुलासा होईल असे वाटत नाही.

गर्भाशय गेल्याने पाळी थांबते, परंतु मूळ तक्रार थांबतेच असे नाही. कंबरदुखीचे कारण मोळीच्या ओझ्यात असेल, अथवा अशक्तपणाचे कारण रक्तक्षयात असेल, तर ते कारण जसेच्या तसे राहते. त्यातच बीजकोशही काढले गेले असतील तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशी-पस्तिशीतील, अंगमेहनतीवर जगणाऱ्या स्त्रीला हा तोटा पुढील तीस-चाळीस वर्षे सोसावयाचा असतो.

५. उपायांची दिशा

या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक ठरविण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. हे निर्बंध आवश्यक आहेत. परंतु निर्बंध शस्त्राला आवर घालतो. तो स्त्रीच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ज्या स्त्रीची शस्त्रक्रिया परवानगीअभावी टळली, ती आपला रक्तस्राव घेऊनच घरी परतते.

म्हणून उपायाचा आरंभ प्राथमिक आरोग्य केंद्रापासून झाला पाहिजे. ठरावीक वारी स्त्री-वैद्याची उपस्थिती, बंद दाराची खोली, स्पेक्युलम व सूक्ष्मदर्शक, रक्तातील हिमोग्लोबिनची मोजणी आणि मागील भेटीची नोंद जपणारे पत्रक, एवढी व्यवस्था असल्यास बहुसंख्य तक्रारींचे वर्गीकरण तेथेच होऊ शकेल. सोनोग्राफी वा अस्तराच्या तपासणीसाठी कोणास पुढे पाठवावयाचे, हेही तेथेच ठरेल. स्थलांतरित स्त्रीसाठी हे पत्रक तिच्याबरोबर फडापर्यंत गेले पाहिजे. विमा योजनांविषयी बोलावयाचे तर, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा खर्च, तपासणीचा निष्कर्ष ‘शस्त्रक्रिया नको’ असा निघाला तरीही, देय मानला जावा. आजची रचना नेमकी याच निष्कर्षाला दंड करते.

अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. आरोग्यावरील खर्चाच्या पाहण्या झालेला खर्च मोजतात. न झालेली तपासणी त्यांत कोठेही दिसत नाही. अर्ध्यावर सोडलेल्या निदानाचा हिशेब कसा मांडावा, ही पद्धतिशास्त्रातील एक खरी अडचण आहे. तिचे निरसन प्रत्यक्ष पाहणीनेच होऊ शकेल.

सारांश, आपल्याला काय झाले आहे हे जाणण्याची गरज ही उपचाराची केवळ पूर्वतयारी नव्हे. ती स्वतंत्र गरज आहे, आणि तिचे मोल समाजाने स्वतंत्रपणे दिले पाहिजे. गडचिरोलीच्या दोन खेड्यांत शंभरांपैकी आठच स्त्रियांच्या वाट्याला ते आले होते. पुढील पाहणीत हा आकडा किती असेल, यावरून स्त्रियांसाठी योजिलेल्या आरोग्यव्यवस्थेचे यशापयश ठरवावे लागेल.