केटोची तालीम

तळघराच्या पायऱ्या उतरतानाच बूट पॉलिशचा वास आला. बॉस्टनमधल्या एका चर्चखालचा लांबट हॉल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या आणि मधोमध एक उंच स्टूल. स्टुलावर साठीच्या पुढचा एक कृष्णवर्णीय नट बसला होता. त्याच्यामागे उभी राहून एक बाई त्याच्या पिकलेल्या केसांवरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवत होती. आपल्याकडच्या रंगपटात तरुण नटाचे केस पांढरे होताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. इथे उलटं चाललं होतं, आणि तेही भर रंगमंचावर, कारण नाटकाचा पहिला प्रवेशच तो होता.

मी गेले होते ती विल्यम वेल्स ब्राऊन या माणसाच्या ओढीने. ‘द एस्केप, ऑर, अ लीप फॉर फ्रीडम’ हे त्याचं पाच अंकी नाटक १८५८ साली बॉस्टनमध्येच छापलं गेलं. आफ्रिकन-अमेरिकन लेखकाचं छापून आलेलं ते पहिलं नाटक मानतात. पण ते पूर्णपणे रंगमंचावर उभं राहायला १९७१ साल उजाडलं. तोवर ते लोकांनी ऐकलं ते एकट्या ब्राऊनच्या तोंडून. गावोगावच्या सभागृहांत उभं राहून मालक, मालकीण, गुलाम, पाद्री, सगळ्यांची भाषणं तो स्वतः वाचायचा. गुलामगिरीविरोधी सभेसाठी ज्यांच्या खिशातून एक सेंटही निघत नाही, ते नाटक ऐकायला पैसे देतात, हे त्याने ओळखलं होतं. एकपात्री प्रयोगांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकून तालीम बघायला जावंसं वाटलं नाही तरच नवल.

त्या तळघरात तालीम करणारी ही हौशी मंडळी ब्राऊनचं आयुष्य आणि त्याचं नाटक एकत्र गुंफून एकाच नटाकडून करवून घेत होती. केसांचा प्रवेश ब्राऊनच्या १८४७ सालच्या आत्मकथनातून घेतलेला. सेंट लुईसला असताना मालकाने त्याला वर्षभरासाठी वॉकर नावाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याकडे भाड्याने दिलं होतं. मिसिसिपी नदीवरून बोटीने माणसं न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात न्यायची. बाजार जवळ आला की ब्राऊनने म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायच्या, थोडे पांढरे केस असतील तर उपटायचे, जास्त असतील तर ब्रशने काळा रंग चोपडायचा. माणूस दहा-पंधरा वर्षांनी तरुण दिसायचा आणि त्या हिशेबाने विकला जायचा. हे काम करणारा ब्राऊन तेव्हा स्वतःही गुलामच होता, विशीच्या आतला.

रंगभूषा करणाऱ्या बाईंचं पूर्वी केशकर्तनाचं दुकान होतं. नटाच्या केसांना लावायचा रंग पाण्याने धुतला जाणारा आहे, त्याला वास नाही. म्हणून त्या बूट पॉलिशची डबी उघडून भिंतीलगतच्या गरम रेडिएटरवर ठेवतात. पाच मिनिटांत वास शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. दिग्दर्शकाला वाटत होतं, बाईंनी ब्रश सावकाश फिरवावा, मधे थांबावं, नटाच्या खांद्यावर हात ठेवावा. बाईंनी साफ नकार दिला. “बोटीवर रांग लागलेली असणार. एकाचं झालं की दुसरा. हात थांबेल कशाला?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा करून दाखवलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कपाळ मागे रेटायचं, उजव्या हाताने कानशिलापासून टाळूपर्यंत तीन फटके मारायचे, हनुवटी धरून मान वळवायची, मग दुसरी बाजू. ब्रशच्या टोकाने कानामागची एक पांढरी बटही त्यांनी सोडली नाही. त्या हातात दया दिसत नव्हती, द्वेषही दिसत नव्हता. अंगावर काटा आला तो त्यामुळेच. दिग्दर्शक पुढे काही बोलला नाही. मला विचाराल तर बाईंचंच बरोबर होतं.

नाटकाची गोष्ट सरळ आहे. डॉक्टर गेन्सच्या मळ्यावरची मेलिंडा आणि शेजारच्या मालकाचा गुलाम ग्लेन यांनी गुपचूप लग्न केलं आहे. डॉक्टरचा मेलिंडावर डोळा आहे. दोघं पळतात, कॅनडाची वाट धरतात. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतल्या मुक्त राज्यांतूनही पकडून परत नेता येत होतं, त्यामुळे सुटका हवी तर देशच ओलांडावा लागे. ग्लेन आणि मेलिंडा ही खरी माणसं असून अजून कॅनडात राहतात, असं ब्राऊनने प्रस्तावनेत सांगितलं आहे. तरीही ग्लेनची लांबलचक, अलंकारिक स्वगतं आज कानाला जड जातात. तालमीत ती भराभर उरकली जात होती, आणि मला त्यात वावगं वाटलं नाही.

नाटक पेलतो तो केटो. डॉक्टरच्या दवाखान्यात गोळ्या वळणारा, मालकासमोर गोड बोलणारा गुलाम. एका प्रवेशात तो दुसऱ्या गुलामाचा दात उपटतो आणि नेमका चुकीचाच उपटतो. त्या काळी गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे खेळ करत. केटो वरवर त्याच साच्यातला दिसतो. म्हणून दात उपटण्याचा प्रवेश गाळावा असं मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं. नट ठाम राहिला. तो दिवसा शाळेची बस चालवतो, शांत माणूस आहे, पण इथे त्याचा आवाज चढला. “तो हसवतो म्हणून मालक त्याच्यावर विश्वास टाकतो. विश्वास टाकतो म्हणून पळालेल्यांना शोधायला सोबत नेतो. आणि तिथूनच तो निसटतो. हसणं काढलंत तर त्याची सुटकाच काढलीत.”

केटो वेष बदलून निसटतो तो प्रवेश त्याने मग सलग करून दाखवला. आतापर्यंत पुढे झुकलेले खांदे हळूहळू मागे आले. हा मीच का, असं केटो स्वतःलाच विचारतो. मग त्याला सुचतं की मालक मागावर येईल, तेव्हा आता नावही बदललं पाहिजे. ब्राऊनचं आयुष्य ठाऊक असलं की इथे हसू घशात अडकतं. मालकाच्या घरी विल्यम नावाचा पुतण्या राहायला आला, तेव्हा या पोराचं विल्यम हे नाव काढून घेऊन त्याला सॅनफर्ड म्हणायला लागले होते. १ जानेवारी १८३४ ला सिनसिनाटीच्या धक्क्यावर उतारूंच्या गर्दीत एक ट्रंक उचलून तो बोटीवरून उतरला आणि पसार झाला. त्यानंतर त्याने आपलं विल्यम हे नाव परत घेतलं. वाटेत आसरा देणाऱ्या क्वेकर गृहस्थाचं नाव वेल्स ब्राऊन, तेही जोडलं.

मधल्या सुट्टीत कॉफीचा कप हातात घेऊन नट माझ्याशेजारी बसला. “६९,” तो म्हणाला. पळून आल्यावर ब्राऊन ईरी सरोवरावरच्या आगबोटींवर कामाला लागला. १८४२ साली १ मे ते १ डिसेंबर या सात महिन्यांत त्याने ६९ फरारी गुलामांना पलीकडे कॅनडात पोचवलं. हिवाळ्यात सरोवर गोठतं, त्यामुळे जे काही करायचं ते तेवढ्याच काळात. “एका वर्षात ६९. आणि कायद्याच्या लेखी तो स्वतः अजून दुसऱ्याची मालमत्ता.” हे खरंच होतं. १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या मित्रांनी मालकाला पैसे मोजले तेव्हा कुठे कायद्याने तो मोकळा झाला. तालीम पुन्हा सुरू होण्याआधी नट उठता उठता म्हणाला, “६९. लिहून घ्या.”

शेवटचा प्रवेश नायगाराच्या धक्क्यावरचा. पाठलागावर आलेली माणसं, ग्लेन, मेलिंडा, केटो आणि मॅसॅच्युसेट्सचे मिस्टर व्हाइट, सगळ्यांची झटापट एकट्या नटाने एका छत्रीवर निभावली. उगारली की मिस्टर व्हाइट, दोन्ही हातांनी अडवली की पाठलाग करणारा, टाकून दिली की बोटीत उडी मारणारा केटो.

मला त्या तळघरात राहून राहून जोतीराव फुले आठवत होते. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ साली अर्पण केलं ते गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ साली, म्हणजे ब्राऊनचं नाटक छापलं जाण्याच्या तीनच वर्षं आधी, त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यातही खरं काय ते विदूषकाच्या तोंडून वदवलं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं आणि ते छापून यायला १९७९ उजाडलं. दोघांनी एकमेकांचं नाटक वाचलं असण्याचा संभव नाही. पण पुणे आणि बॉस्टन या दोन शहरांत जवळपास एकाच वेळी दोन माणसांना वाटलं की सभेतलं भाषण पुरत नाही, नाटक लिहायला हवं. आणि एकाचं नाटक रंगमंचावर उभं राहायला, दुसऱ्याचं छापून यायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला.

‘द एस्केप’ मराठीत यायला हवं. प्रताधिकाराची अडचण नाही, नेपथ्याचा खर्च नाही. लेखकाने ते स्वतःच एकट्याने वाचलेलं आहे. आपल्याकडे अभिवाचन करणारे चांगले गट आहेत. त्यांनी एका संध्याकाळी आधी ‘तृतीय रत्न’ आणि मग हे नाटक असं लागोपाठ वाचावं. वेळ कमी पडला तर ग्लेनची स्वगतं खुशाल कापावीत. केटोचं मात्र एकही वाक्य गाळू नये.