प्रशिक्षणवर्ग आटोपल्यानंतरचे पंधरा दिवस

शिक्षकाने सेवेत प्रवेश करण्यापूर्वी एकदा प्रशिक्षण घेतले म्हणजे त्याची जन्माची तयारी झाली, असे आता कोणी मानीत नाही. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन ट्रेनिंग कॉलेजात वर्ष-दोन वर्षे काढलेल्या शिक्षकांच्या पिढीत तसे मानले जात असे, आणि त्या पिढीने कामही चोख केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासक्रम बदलतात, पाठ्यपुस्तके बदलतात, शाळेत येणारी मुलेही बदलतात. म्हणूनच 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रत्येक शिक्षकास सेवेच्या दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर त्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. 2001 मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात वर्षाकाठी वीस दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. 2019 मध्ये ‘निष्ठा’ हा देशव्यापी कार्यक्रम आला आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षास किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा नोंदविली.

तेव्हा प्रशिक्षण व्हावे की न व्हावे हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न निराळाच आहे. वर्गाला गेलेला शिक्षक परत शाळेत येतो, त्यानंतर मुलांच्या पाटीवर काय फरक पडतो?

हा प्रश्न विचारण्यास एक सबळ कारण आहे. प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाची किंमत मुले मोजीत असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. त्यांपैकी एक तालुक्याच्या ठिकाणी वर्गाला गेला की पहिली ते पाचवीच्या पाचही इयत्ता उरलेल्या एकाच्या गळ्यात पडतात. त्या दिवशी फारसे शिकवणे होत नाही. पाढे म्हणून घेणे, शुद्धलेखन लिहावयास देणे आणि पोषण आहाराकडे लक्ष पुरविणे यांतच दिवस सरतो. पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी कायद्याने वर्षाचे दोनशे दिवस कामाचे ठरविले आहेत. त्यांतील चार-पाच दिवस प्रशिक्षणासाठी खर्ची पडले, तर त्या दिवसांचे मोल मुलांना परत मिळाले पाहिजे.

ते पुष्कळदा मिळत नाही, याचे खापर शिक्षकाच्या आळसावर फोडण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. प्रशिक्षणाची रचनाच अशी असते की ज्ञान वरून खाली पायरीपायरीने उतरते. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शकांना शिकविले जाते, ते जिल्ह्यात शिकवितात, जिल्ह्याचे तालुक्यात आणि तालुक्याचे केंद्रात. वरच्या पायरीवर ज्या विषयाला चार दिवस मिळाले, त्याला खालच्या पायरीवर दोन दिवस मिळतात. त्यातही कपात होते ती प्रात्यक्षिकाची, कारण भाषण उरकणे सोपे असते. दुपारच्या जेवणानंतरच्या तासिकेत काय होते, हे कोणत्याही शिक्षकास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. 2020 नंतर ‘दीक्षा’सारख्या व्यासपीठावरून घरबसल्या अभ्यासक्रम पुरे करण्याची सोय झाली. दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकास तिचा उपयोग निश्चित आहे आणि शाळेचे दिवसही त्यामुळे वाचतात.  परंतु ध्वनिचित्रफीत चालू असताना शिक्षक तिच्यासमोर होता किंवा नाही, याची दखल यंत्र घेत नाही.

अमेरिकेतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी 1980 मध्ये सेवांतर्गत प्रशिक्षणाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रशिक्षणाची पाच अंगे त्यांनी सांगितली: विषयाची उपपत्ती, प्रात्यक्षिक दाखविणे, शिक्षकाने स्वतः सराव करणे, त्या सरावावर कोणीतरी मत देणे, आणि शिक्षक आपल्या वर्गात परतल्यावर ती पद्धती तेथे बसेपर्यंत कोणीतरी सोबत राहणे. पहिली चार अंगे प्रशिक्षणवर्गात उरकता येतात. पाचवे अंग तेथे उरकता येत नाही. आणि या अभ्यासकांच्या पुढील कामातूनही असेच दिसून आले की पाचवे अंग गळाले तर नवी पद्धती वर्गात क्वचितच टिकते. म्हणजे ज्या दिवशी प्रशिक्षणवर्ग आटोपतो, त्या दिवशी प्रशिक्षणाचा नाजूक भाग सुरू होतो.

एका साध्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. समजा, तालुक्याच्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीचा विषय झाला. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या घेऊन वजाबाकी कशी समजावून द्यावी, हे तज्ज्ञ मार्गदर्शकाने चांगले करून दाखविले. शिक्षक शाळेत आले, काड्या जमवून गठ्ठे बांधले, तिसरीच्या मुलांपुढे पाठ घेतला आणि नंतर फळ्यावर उदाहरण घातले: त्रेसष्टातून अठ्ठावीस वजा करा. तीन मुलांची उत्तरे चुकली. दोघांचे उत्तर आले 45 आणि तिसऱ्याचे आले 8. शिक्षकांनी तिघांनाही पुन्हा गठ्ठे दाखविले. दुसऱ्या दिवशी तिघेही पुन्हा चुकले. येथे शिक्षकाच्या मनात दोन विचार येण्याचा संभव असतो. पद्धती कुचकामाची आहे, हा एक. आणि ही मुले मंद आहेत, हा दुसरा. दुसरा अधिक घातक, कारण तो एकदा मनात बसला की मुलाची पाटी पाहणेच थांबते.

वस्तुतः त्या तीन मुलांच्या चुका तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या मुलाने एककाच्या घरात 3 मधून 8 जात नाहीत असे पाहिले आणि मोठ्यातून लहान वजा करण्याची आपली जुनी सवय चालविली. आठातून तीन गेले, पाच, सहातून दोन गेले, चार, उत्तर 45. दुसऱ्या मुलाने हातचा घेतला, तेरातून आठ वजा केले, पाच लिहिले. परंतु दशकाच्या घरातील एक गठ्ठा आपण सोडला आहे हे तो विसरला आणि सहातून दोन वजा करून त्यानेही 45 लिहिले. वही तपासणाऱ्यास दोन्ही चुका अगदी एकसारख्या दिसतात, तांबड्या शाईची फुलीही एकसारखीच पडते. तिसऱ्या मुलाची वजाबाकी तर बरोबरच आहे. त्याने त्रेसष्ट हा शब्द ऐकला, त्यात ‘तीन’ आधी व ‘साठ’ मागाहून आले म्हणून त्याच क्रमाने 36 लिहिले, आणि छत्तिसातून अठ्ठावीस वजा करून 8 हे उत्तर बिनचूक काढले. मराठी संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो, ही अडचण जुनी आहे. इयत्ता दुसरीच्या 2019 च्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत देण्यात आली आणि तीवरून महाराष्ट्रात बराच वाद माजला, हे शिक्षकांच्या स्मरणात असेलच. त्या वादात कोणाचे खरे हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिसऱ्या मुलाची अडचण खरी आहे.

आता गठ्ठ्यांचा उपाय यांपैकी कोणाला लागू पडतो? मुख्यतः पहिल्याला. सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या त्याच्या हाती देऊन आठ काड्या काढावयास सांगितल्या, म्हणजे गठ्ठा सोडण्यावाचून गत्यंतर नाही हे त्याचे त्यालाच उमगते. मात्र काड्या त्याच्या हातात हव्यात, शिक्षकाच्या नव्हेत. दुसऱ्याला गठ्ठा सोडणे ठाऊक आहे. त्याला शिकवावयाचे आहे ते लिहिणे. गठ्ठा सोडताक्षणी किती गठ्ठे उरले ते मोजून, सहाचा आकडा खोडून वर पाच मांडण्याची सवय त्याला लावली पाहिजे. कृती व लेखन एकाच वेळी व्हावे, हा त्याचा उपचार. तिसऱ्याला वजाबाकी शिकविणे हा वेळेचा अपव्यय होय. त्याच्यासाठी 60 चे कार्ड घेऊन त्याच्या शून्यावर 3 चे कार्ड ठेवावे आणि संख्या ऐकणे, मांडणे, वाचणे हा सराव काही दिवस द्यावा.

पहिला व दुसरा यांची चूक वेगळी ओळखावी कशी? सोपी युक्ती आहे. उदाहरणातील केवळ एक अंक बदलावा व चौसष्टातून अठ्ठावीस वजा करावयास सांगावे. खरे उत्तर 36. पहिला मुलगा 44 लिहील, दुसरा 46 लिहील. 63 व 28 या जोडीत हा भेद झाकला जातो, कारण तेथील एककांतील अंतर नेमके पाच आहे. एककांत पाचाचे अंतर असलेली उदाहरणे निदानासाठी घालू नयेत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. याहूनही सोपा मार्ग म्हणजे मुलाला शेजारी बसवून ‘कसं केलंस, मला सांग बरं’ असे विचारणे. मूल सांगते. पण चाळीस मुलांच्या गलबल्यात शिक्षकास ते ऐकावयास सवड सापडत नाही, आणि फळ्याकडे तोंड करून शिकविताना मुलाची पेन्सिल कोठे अडली ते दिसत नाही.

येथेच त्या पाचव्या अंगाची निकड लक्षात येते. पाठ चालू असताना मुलांकडे पाहणारी दुसऱ्या एका शिक्षकाची नजर वर्गात हवी. जपानमधील प्राथमिक शिक्षकांनी ही गोष्ट आपल्या व्यवसायाची रीतच करून टाकली आहे. तेथे तिला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठाचा अभ्यास असे म्हणतात. काही शिक्षक एकत्र बसून एकच पाठ बारकाईने तयार करतात. मुले काय चुका करतील याचाही अंदाज आधी लिहून ठेवतात. एक जण पाठ घेतो व इतर जण वर्गात उभे राहून मुलांचे निरीक्षण करतात. नंतर चर्चा होते, पाठात दुरुस्ती होते आणि पुष्कळदा तो दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट या अमेरिकी अभ्यासकांच्या 1999 च्या पुस्तकामुळे ही रीत जगभर माहीत झाली. तिला सभागृह लागत नाही व प्रमाणपत्रही लागत नाही. या रीतीत चर्चा शिक्षकाच्या गुणदोषांची होत नाही, पाठाची होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे वर्गात दुसरा कोणी येऊन उभा राहिला की ती तपासणी वाटते आणि शेरेबुकाची आठवण होते. निरीक्षक शिक्षकाने मुलांच्या पाट्यांकडे पाहावे, गुरुजींकडे पाहू नये, हा संकेत पक्का पाळला तर हा संकोच दोन-तीन पाठांनंतर ओसरतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत यासाठी नवी व्यवस्था उभारावी लागत नाही. दहा-बारा शाळांचे केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषद भरते. उणीव आहे ती एवढीच की परिषदेत परिपत्रके व माहितीचे तक्ते यांतच पुष्कळ वेळ जातो. प्रशिक्षणानंतरच्या पंधरवड्यात एक पाठ जरी या रीतीने झाला, तरी आरंभ झाला. द्विशिक्षकी शाळेत तर सहकारी शिक्षक शेजारच्याच खोलीत असतो. आठवड्यातून एका दिवशी परिपाठानंतरची पहिली तासिका दोघांनी मिळून घ्यावी. एकाने तिसरीचा पाठ घ्यावा. बाकीच्या इयत्तांना त्याच खोलीत किंवा व्हरांड्यात पाढे, चित्रवाचन, गोष्टीची पुस्तके असे स्वतःहून करण्याजोगे काम द्यावे. आणि दुसऱ्याने तीन ठरलेल्या मुलांजवळ बसून ती काय करतात ते लिहून घ्यावे. तीनच मुले, कारण तीसांकडे पाहणारा कोणाकडेच पाहत नाही. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलाव्यात. एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाची अडचण मोठी आहे. त्यास केंद्रातील जवळच्या शाळेशी जोडून देणे आणि त्या दिवसाची सोय लावणे हे काम केंद्रप्रमुखांनी आपल्याकडे घ्यावे. त्या शिक्षकाच्या उत्साहावर ते सोडून देऊ नये.

टिपणाची वही शक्य तितकी साधी असावी. डाव्या पानावर मुलाने जे लिहिले ते जसेच्या तसे उतरवावे, चुकीसह. उजव्या पानावर मुलाने सांगितलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहावे. ‘मुलांचा प्रतिसाद चांगला होता’ यासारखी वाक्ये त्या वहीत नसावीत. अशी वही घेऊन शिक्षक पुढील शिक्षण परिषदेस गेले, म्हणजे निरनिराळ्या गावच्या मुलांचे 44 आणि 46 एका टेबलावर येतील. पुढील प्रशिक्षणवर्गाचे विषय तालुक्यास कळवावयाचे असतात, ते या वह्यांवरूनच ठरवून कळवावेत.