पाण्याचा पारा आणि बास

अलाबामा राज्यातल्या गंटर्सव्हिल तलावावर मार्चच्या पहाटे होडी पाण्यात उतरली, तरी गाइड लगेच गळाला हात लावत नाही. आधी तो सुकाणूजवळच्या पडद्यावरचा एक आकडा वाचतो. पाण्याचं तापमान 51 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबात साडेदहा अंश सेल्सिअस. डेकवर आठ-दहा रॉड शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि प्रत्येकाच्या दोरीला वेगळं आमिष बांधलेलं असतं. तो आकडा बघून त्यातले निम्मे रॉड खालच्या कप्प्यात जातात. सोबत आलेल्या पाहुण्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की आज कोणतं ल्युअर, म्हणजे नकली आमिष, चालेल. गाइड मात्र मासा किती खोल असेल आणि आज खाण्यासाठी किती अंतर धावेल, याचा हिशेब मांडत असतो. तो हिशेब जमला की ल्युअर आपोआप ठरतं.

टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने टेनेसी नदीवरचं हे धरण 1939 मध्ये पूर्ण केलं. त्यामागे सुमारे 120 किलोमीटर लांबीचा, 69 हजार एकरांचा जलाशय पसरला आहे. आपल्याकडच्या धरणांसारखा तो उन्हाळ्यात तळ दाखवत नाही. पातळी वर्षभर थोड्याफार फुटांच्या आतच वरखाली होते. त्यामुळे उथळ भागात पाणगवत माजतं. त्यातलं एक आपण शाळेपासून ओळखतो. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवतात तीच ही हायड्रिला. मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून ती 1950 च्या दशकात फ्लोरिडात पोचली आणि तिथून दक्षिणेतल्या तलावांत पसरली. काठावर बंगले असलेली मंडळी तिच्या नावाने बोटं मोडतात. गवत मारायला औषध फवारलं की गरवणारे चिडतात, कारण बास मासा त्या गवतातच राहतो.

लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी. हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा, आणि मिटलेला जबडाही डोळ्याच्या मागे पोचेल एवढं तोंड. आपल्या अलिबाग-पेणच्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणत असले, तरी या दोघांचं घराणं वेगळं. बास पाठलाग फारसा करत नाही. गवताच्या कडेला, बुडालेल्या खोडाशी नाहीतर दगडाच्या सावलीत दबा धरतो आणि टप्प्यात आलेलं सावज पाण्यासकट आत ओढतो. त्याचं रक्त थंड. पाणी गार असेल तर पचन मंद आणि झेपही आखूड. पाणी कोमट झालं की दोन्ही वाढतं. वर्षभर ल्युअर बदलत राहावं लागतं ते यामुळे.

हिवाळा सरताना पाणी 50 अंशांच्या आसपास आलं, की पोटात अंडी घेतलेल्या माद्या खोल पाण्यातून उथळ खाड्यांकडे सरकू लागतात. हे दिवस रॅटल ट्रॅपसारख्या चपट्या, पोटात छर्रे खुळखुळणाऱ्या ल्युअरचे. रंग लाल-नारिंगी, कारण या सुमारास बास गोड्या पाण्यातले झिंगे शोधत असतो. ल्युअर गवताच्या शेंड्यांवरून ओढत आणायचं, मुद्दाम अडकू द्यायचं आणि मग मनगटाच्या एका झटक्याने सोडवायचं. ते सुटून उसळतं त्याच क्षणी मासा लागतो. नवख्याला अडकणं म्हणजे चूक वाटते. इथे सगळी करामत त्या अडकण्यातच आहे.

माशांच्या या स्थलांतराची वाट ज्याला कळली, त्याच्या वाट्याला काय येतं, याचं उदाहरण याच तलावावर घडलं. फेब्रुवारी 2014 मध्ये इथे बासमास्टर क्लासिक ही सर्वांत मानाची स्पर्धा भरली होती. शेवटच्या सकाळी रँडी हॉवेल 11 व्या क्रमांकावर होता. तो स्प्रिंग क्रीकच्या पुलाशी गेला. तलावातून खाडीत शिरायला माशांना तिथे पुलाखालची अरुंद वाट आहे, आणि भरावाचे दगड ऊन धरून ठेवतात. क्रँकबेट हे बुडी मारणारं ल्युअर दगडांवर आपटत ओढून त्याने पाच मासे काढले. वजन भरलं 29 पौंड 2 औंस, म्हणजे 13 किलोंहून जास्त. स्पर्धा त्यानेच जिंकली. 2020 चा क्लासिकही इथेच झाला. त्यातही हँक चेरीला अशाच दगडी भरावाच्या रस्त्याने हात दिला.

पाणी 60 अंशांपुढे, म्हणजे साडेपंधरा सेल्सिअसच्या वर गेलं की नर कमरेइतक्या पाण्यात शेपटीने तळ झाडून ताटाएवढी जागा साफ करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नराकडे. ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून होडीतून ही घरटी स्पष्ट दिसतात. घरट्यात प्लास्टिकची पाल किंवा झिंगा टाकला, की नर तो खाण्यासाठी नव्हे, हाकलण्यासाठी तोंडात धरतो. गरवणाऱ्यांमध्ये यावरून जुना वाद आहे. नर बाहेर काढला की काही मिनिटांत ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात. कॅनडातल्या ओंटारियोच्या बऱ्याच भागांत या दिवसांत बास धरायला बंदी असते. अलाबामात पाणी लवकर तापतं, वाढीचा काळ लांब असतो आणि बंदी नाही. तरीही घरट्यावरच्या नराला हात न लावणारे काही गाइड आहेत. त्यांचंच बरोबर वाटतं.

वीण संपल्यावर थकलेल्या माशांसाठी मऊ प्लास्टिकची अळी बाहेर निघते. ओहायोतल्या अॅक्रनच्या निक क्रीमने 1949 मध्ये घरीच प्लास्टिक ओतून अशी अळी बनवली आणि या खेळाचं गणित बदललं. गळाचं टोक अळीच्या अंगातच लपवायचं आणि पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं ओवायचं, या बांधणीला टेक्सास रिग म्हणतात. ती गवतात अडकत नाही. बिनशिशाची अळी नुसती मध्यावर गळात ओवून सोडली तर दोन्ही टोकं थरथरवत खाली उतरते, आणि माणसाने काहीच करायचं नसतं. काही न करणं हेच नवशिक्याला सर्वांत अवघड जातं. त्याचा हात सारखा रॉड हलवत राहतो.

जूनपासून मोठे मासे जुन्या नदीच्या बुडालेल्या काठांवर जमतात, वीस-पंचवीस फूट खाली. तिथे लांब जिभेची, खोल बुडी मारणारी क्रँकबेट लागते, नाहीतर दहा इंची अळी. पण या दिवसांत तापमानापेक्षा विजेचं वेळापत्रक महत्त्वाचं. दुपारी उकाडा वाढतो, घराघरांत एसी सुरू होतात, विजेची मागणी चढते आणि धरणाची जनित्रं फिरू लागतात. साचलेल्या पाण्याला प्रवाह येतो. त्या प्रवाहात शॅड नावाचे चंदेरी छोटे मासे रेटले जातात आणि बास काठाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात. तासभर मेल्यागत पडलेली जागा दहा मिनिटांत जागी होते. म्हणून इथला गाइड जेवणाच्या सुट्टीत फोनवर धरणातून किती पाणी सोडणार ते बघतो.

या सगळ्या धावपळीसाठी होडी लागते, आणि बास बोट हे एक स्वतंत्रच प्रकरण आहे. 1948 मध्ये होम्स थर्मंडने पहिली स्कीटर बनवली, 1968 मध्ये आर्कान्सातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुडने रेंजर सुरू केली. आजची बास बोट वीस-एकवीस फुटांची, चमकीच्या रंगाची, सपाट डेकची. मागे 250 अश्वशक्तीचं इंजिन, वेग ताशी 110 किलोमीटरच्या घरात, आणि किंमत वरच्या श्रेणीत एक लाख डॉलरच्या आसपास. पुढे पायाने चालवायची विजेवरची छोटी मोटर असते. एक बटण दाबलं की ती उपग्रहाच्या आधाराने होडी वाऱ्यातही जागच्या जागी धरून ठेवते. डेकखाली हवा खेळती ठेवलेली टाकी, धरलेले मासे जिवंत ठेवायला. वेगात चालक पाण्यात फेकला गेला तर इंजिन बंद पाडणारी दोरी अंगाला अडकवणं अशा होड्यांवर 1 एप्रिल 2021 पासून संघीय कायद्याने सक्तीचं आहे. इतका खर्च करून बास खाणारे थोडेच. माशांचं वजन केलं, फोटो काढला की बहुतेक मासे परत पाण्यात जातात. विमा एजंट असलेल्या रे स्कॉटने 1960 च्या दशकात या स्पर्धांचा धंदा उभा केला आणि 1972 मध्ये मासा जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली. त्याआधी पकडलेल्या माशांच्या माळा मिरवायची पद्धत होती.

सप्टेंबर-ऑक्टोबरात हायड्रिला पृष्ठभागावर येऊन जाड जाजमासारखी पसरते. गंटर्सव्हिलची खरी ख्याती याच दिवसांची. आत पोकळ असलेला रबरी बेडूक त्या जाजमावर फेकायचा आणि टुणूकटुणूक चालवत आणायचा. त्याचे दोन गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून गवत लागत नाही. खालून मासा जाजम फाडून उसळतो. त्या आवाजाने दचकून रॉड खेचला तर बेडूक रिकामा परत येतो. दोरी जड होईपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्या ताकदीने ओढायचं. दोरी 65 पौंडी विणीची लागते, कारण माशाबरोबर चार-पाच किलो गवतही येतं.

याच तलावावर ऑक्टोबर 2011 मधल्या एका स्पर्धेत पॉल इलायसने एक वेगळंच अवजार काढलं. छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा आणि प्रत्येक तारेला एक प्लास्टिकचा मासा. पाण्यात तो शॅडचा लहानसा थवाच दिसतो. चार दिवसांत, रोज पाच माशांच्या मर्यादेत, त्याचं वजन 102 पौंडांच्या पुढे गेलं. काही दिवसांतच दुकानांतून अशा तारा गायब झाल्या. पुढच्याच वर्षी बासमास्टरने आपल्या वरच्या स्पर्धांत या अलाबामा रिगवर बंदी घातली.

हिवाळ्यात धांदल नाही. पाणी 45 अंशांखाली गेलं की शॅड गारठून मरायला लागतात, आणि जर्कबेट त्या मरणाऱ्या माशाची नक्कल करते. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. दहा-पंधरा सेकंद, बोटं बधिर होईपर्यंत. पाण्यात ना बुडणारं ना तरंगणारं ते ल्युअर अधांतरी लटकत राहतं, आणि मासा लागतो तो त्या थांब्यात.

ल्युअरच्या दुकानात भिंतभर रंग टांगलेले असतात. त्यातले किती माशाला भुलवतात आणि किती माणसाला, ही शंका घ्यायला जागा आहे. 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरीने 22 पौंड 4 औंसांचा विक्रमी बास काढला. मंदीचे दिवस होते. त्याच्यात आणि त्याच्या सोबत्यात मिळून एकच ल्युअर होतं. मासा घरी नेऊन खाल्ला. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने 2 जुलै 2009 रोजी त्या विक्रमाशी बरोबरी केली; त्याने तर जिवंत ब्लूगिल लावला होता. त्याच बिवात बास हा परका उपद्रवी मासा ठरला असून पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र ल्युअरपेक्षा पडदा मोठा झाला आहे. 2018 मध्ये गार्मिनने लाइव्हस्कोप आणलं. होडीसमोरच्या पाण्यात फिरणारा प्रत्येक मासा त्यावर त्या क्षणी दिसतो. आपलं ल्युअर त्याच्याजवळ उतरताना आणि तो वळून बघतानाही दिसतं. तरुण स्पर्धक दिवसभर मान खाली घालून त्या पडद्याकडे बघत उभे असतात. जुने गरवणारे कुरकुरतात, पण त्यांनीही तो विकत घेतलेला असतो. मेजर लीग फिशिंगने 2025 मध्ये आपल्या बास प्रो टूरवर दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात या यंत्राला परवानगी दिली. निर्णय योग्यच होता. मासा कुठे असेल हे ऋतू, गवत आणि प्रवाह यांवरून ताडणं हाच या खेळाचा गाभा आहे. तो काढून टाकला तर उरतं ते फक्त नेम धरणं.

हंट्सविल किंवा अटलांटाकडे राहणाऱ्या वाचकांना हे करून बघायचं असेल, तर लाख डॉलरची होडी लागत नाही. एप्रिलचा पहिला पंधरवडा, एक साधा स्पिनिंग रॉड, मऊ अळ्यांचं एक पाकीट आणि गंटर्सव्हिलच्या भराव-रस्त्याचा काठ एवढं पुरतं. सोबत खिशातला थर्मामीटर असू द्या. सोळा आणि त्यावरच्या वयाच्यांनी अलाबामाचा परवाना आधी काढावा, तो ऑनलाइन मिळतो. या तलावात 15 इंचांहून लहान लार्जमाउथ ठेवता येत नाही, तेव्हा मोजपट्टीही न्या. कुणाची होडी मिळालीच, तर घरी जाण्यापूर्वी तिला लटकलेली हायड्रिला काढून टाका.