स्फुरदाचे वजन

दिवाळीच्या सुमारास रब्बीच्या पेरण्यांची लगबग सुरू होते आणि पुणे जिल्ह्यात हवेली, शिरूर, दौंडकडच्या कृषी सेवा केंद्रांत डीएपीची विचारणा वाढते. गोणीवर ठसठशीत आकडे असतात : 18-46-0. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, पालाश शून्य. शेतकरी त्या 46 वर भरवसा ठेवून पैसे मोजतो. दाणे चुरडून, हुंगून 46 आणि 30 यांतला फरक अनुभवी माणसालाही कळत नाही. तो तराजूलाच विचारावा लागतो.

आधी हा आकडा समजून घेऊ. जुन्या वहिवाटीने खतातला स्फुरद फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने छापतात. त्याला 0.4364 ने गुणले की मूळ फॉस्फरस मिळतो. म्हणजे 50 किलोच्या गोणीत पेंटॉक्साइड 23 किलो, तर मूलद्रव्य सुमारे 10 किलो.

ते मोजायची सोपी रीत महाविद्यालयांत शिकवतात. खत पाण्यात विरघळवून गाळायचे, मॅग्नेशियम सल्फेट घालायचे आणि ढवळत ढवळत अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा. पांढरे स्फटिक तळाशी बसू लागतात. हे स्ट्रुव्हाइट, मुतखड्याच्या एका प्रकारातही तेच सापडते. गाळून, धुऊन, हवेवर वाळवून वजन केले की त्या वजनाचा 12.6 टक्के भाग फॉस्फरस. इथे धीर हवा. अमोनिया घाईने ओतला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही साक्यात उतरते आणि आकडा फुगतो. भट्टीत वाळवले तर स्फटिकातले पाणी उडते आणि आकडा घटतो. सुपर फॉस्फेटमध्ये तर कॅल्शियमही असते. अमोनियाच्या अल्कधर्मी द्रावणात तेही फॉस्फेटला धरून खाली बसते.

म्हणूनच खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये दिलेली वजनी पद्धत आम्लात चालते. नायट्रिक आम्लाच्या द्रावणात मॉलिब्डेट आणि क्विनोलिन मिसळले की हळदीसारखा पिवळा साका पडतो. कॅल्शियम मात्र द्रावणातच राहते. साका मुशीत गाळून 250 अंश सेल्सियसला अर्धा तास वाळवतात, थंड करून तोलतात. या साक्यात फॉस्फरस जेमतेम 1.4 टक्के असतो, आणि हेच या पद्धतीचे बळ. एका मिलिग्रॅम फॉस्फरसमागे सुमारे 71 मिलिग्रॅम साका मिळतो, त्यामुळे वजनातली बारीक चूक निकालात नगण्य ठरते. सोबत खताविना एक कोरी चाचणीही करतात आणि तिचे वजन वजा करतात.

हे काम पुण्याला नवे नाही. शहरात राज्याचे कृषी आयुक्तालय आहे, खत नियंत्रण प्रयोगशाळाही आहे. 1907 पासून इथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते डॉ. हॅरल्ड मॅन, मूळचे रसायनतज्ज्ञ. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची माती, जमिनीची वाटणी, कुटुंबांची मिळकत आणि कर्जे मोजून 1917 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. मातीचे पृथक्करण आणि घरखर्चाची वही त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण कमी भरलेला स्फुरद अखेर त्याच वहीत उतरतो. मुळे जोमाने वाढत नाहीत, दाणा नीट भरत नाही, आणि दोष पावसाला किंवा बियाण्याला जातो. तेव्हा खत घेताना पक्की पावती मागून घ्या आणि रिकामी गोणी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. शंका आली तर कृषी विभागाकडे तक्रार करताना गोणीवरचा 46 आणि मुशीतला पिवळा साका समोरासमोर ठेवता आला पाहिजे.