एक डिस्क, अनेक सत्रे

संगणकास टंकलिखित आज्ञा देण्यासाठी जो कार्यक्रम वापरतात त्यास ‘शेल’ म्हणतात. एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक शेल चालू असू शकतात. प्रत्येक शेलच्या आरंभापासून अंतापर्यंतच्या कामकाजास ‘सत्र’ असे नाव आहे. एका सत्रात डिस्क जोडली असता दुसऱ्या सत्रावर तिचा काय परिणाम होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सर्वांचा एकच वृक्ष

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स प्रणालीच्या उभारणीस आरंभ केला. या प्रणालीत, व तिच्या धर्तीवर १९९१ मध्ये निर्माण झालेल्या लिनक्समध्येही, सर्व फाइली एकाच वृक्षाच्या फांद्यांवर असतात. नवी डिस्क आली की तिला वेगळे अक्षर मिळत नाही. वृक्षातील एखाद्या डिरेक्टरीवर तिचे जणू कलम बांधले जाते. या क्रियेस ‘माउंट’ म्हणतात. त्या डिरेक्टरीत आधीच्या काही फाइली असल्यास त्या नष्ट होत नाहीत. डिस्क सुटेपर्यंत केवळ झाकल्या जातात.

या जोडण्यांची नोंद शेल ठेवीत नाही. ती प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असते. त्यामुळे एका सत्रात जोडलेली डिस्क सामान्यतः इतर सर्व सत्रांत तत्काळ दिसू लागते, आणि ते सत्र संपले तरी डिस्क जोडलेलीच राहते. याउलट, आपण वृक्षातील कोणत्या डिरेक्टरीत उभे आहोत, ही गोष्ट मात्र प्रत्येक सत्राची स्वतःची असते.

डिस्क सोडविताना

अडचण उद्भवते ती याच ठिकाणी. समजा, पहिले सत्र डिस्कवरील एका डिरेक्टरीत उभे आहे आणि दुसऱ्या सत्रात ‘यूमाउंट’ ही सोडविण्याची आज्ञा दिली. कर्नल ती नाकारते व डिस्क वापरात असल्याचे कळविते. एखादी उघडी फाइल किंवा डिस्कवर उभे असलेले एखादे निष्क्रिय सत्रही या नकारास पुरेसे होते. ‘फ्यूझर’ आणि ‘एलएसओएफ’ या आज्ञांनी अडवणूक करणारा कार्यक्रम शोधता येतो. त्याचे काम आटोपले, किंवा ते सत्र डिस्कवरून अन्यत्र गेले, की डिस्क सुटते.

हा नकार त्रासदायक वाटला तरी हितकारक आहे. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर उतरतोच असे नाही. तो काही काळ संगणकाच्या स्मृतीत थांबतो. डिस्क रीतसर सोडविताना तो मजकूर प्रथम डिस्कवर उतरविला जातो. त्यापूर्वीच डिस्क उपटून काढल्यास फाइली अपुऱ्या राहतात किंवा बिघडतात. ‘आळशी’ विलगीकरण नावाचा एक मार्ग आहे. त्याने डिस्क वृक्षावरून तत्काळ दिसेनाशी होते, परंतु खरी सुटका शेवटचा वापर संपल्यावरच होते. डिस्क दिसत नाही म्हणून ती मोकळी झाली, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्रत्येकाची वेगळी दृष्टी

सर्वांना एकच वृक्ष दिसावा, हे नेहमीच सोयीचे नसते. बेल प्रयोगशाळांच्याच ‘प्लॅन नाइन’ प्रणालीत कार्यक्रमांना आपापली जोडणी ठेवण्याची मुभा होती. लिनक्समध्ये ही सोय २००२ मध्ये आली. ‘अनशेअर’ या आज्ञेने शेल सुरू केल्यास त्यास जोडण्यांच्या नोंदीची स्वतंत्र प्रत मिळते, आणि तेथे जोडलेली डिस्क इतर सत्रांस दिसत नाही. परंतु ही विभागणी संपूर्ण असली, तर नवी डिस्क प्रत्येक विभागात निराळी जोडावी लागते. यास्तव २००६ मध्ये सामायिक फांद्यांची योजना झाली. अशा फांदीवर एका विभागात झालेली जोडणी इतर विभागांतही आपोआप पोचते. एकाच संगणकावर अनेक सेवा परस्परांपासून अलग चालविणाऱ्या ‘कंटेनर’ पद्धतीस या विभागणीचाच आधार आहे.

यातून एक नवी सावधगिरी मात्र निर्माण होते. आपल्या सत्रात डिस्क यशस्वीपणे सुटली तरी दुसऱ्या विभागाच्या प्रतीत ती जोडलेलीच असू शकते. म्हणून डिस्क काढण्यापूर्वी केवळ आपला वृक्ष पाहणे पुरेसे नाही. इतर सत्रांतही ती मोकळी झाली आहे ना, याची खात्री करून घेणे अवश्य आहे.